माळावरच्या टोपल्या

आमची थोरली लेक अमेरिकेत कॉलेजात शिकवते असं कळलं की माणसं विचारायची, "न्यूयॉर्कला का मास्तर?" मी "त्याच्या जरा अलीकडं" म्हणून सोडून द्यायचो. खरं तर न्यूयॉर्कचा आणि तिच्या गावाचा काडीचा संबंध नव्हता. तिचं गाव एम्पोरिया. कॅन्सस राज्यातल्या लायन काउंटीचं मुख्य ठिकाण, वस्ती 24 हजारांच्या आसपास. आपल्याकडचं तालुक्याचं गावच म्हणा ना.

2016 च्या एप्रिलात मी आणि आमची मंडळी सहा महिन्यांसाठी तिच्याकडं गेलो. विमानतळापासून दोनेक तास गाडीनं जायचं होतं. निम्मी वाट सरल्यावर मंडळी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "अहो, हे तर आपलं माणच की!" उघडा माळ, चढउतार, लांबवर एखादं झाड, आणि मधूनच जळून काळे झालेले पट्टे. जावई सांगायला लागले, ह्याला फ्लिंट हिल्स म्हणतात. फ्लिंट म्हणजे गारगोटी. जमिनीत थोडं खाली गेलं की चुनखडक आणि गारगोटी, त्यामुळं इथं नांगर चालला नाही. बाकीच्या कॅन्ससमध्ये गवत मोडून गहू आला, इथं गवत राहिलं आणि त्याच्यावर गुरं पोसायचा धंदा राहिला. वसंतात जुनं गवत पेटवायचं, की नवं जोमानं फुटतं. माण तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याकडं पाऊस बरा, आमच्याकडं नाही. वारा मात्र दोन्हीकडं सारखाच, माणसाला उभं राहू न देणारा.

घरापासून चालत दहा मिनिटांवर पीटर पॅन पार्क नावाची बाग होती. तिथल्या 'एम्पोरिया गॅझेट' ह्या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट सबंध अमेरिकेत नावाजलेले होते. त्यांची मुलगी मेरी 1921 साली सोळाव्या वर्षी गेली. घोड्यावरून जाताना ओळखीच्या कुणाला हात करायला वळली आणि झाडाची आडवी फांदी डोक्याला लागली. बापानं तिच्यावर लिहिलेला लेख तिकडं अजून वाचतात. पुढं तिच्या आठवणीसाठी व्हाइट कुटुंबानं जमीन दिली, ती ही बाग. मोठं न होणाऱ्या पोराचं नाव बागेला का दिलं, ते मग कळलं. लेकीनं हे सांगितलं त्या संध्याकाळी मंडळी बराच वेळ बोलली नाही.

त्या बागेत जागोजाग लोखंडी खांब उभे होते. खांबाला कमरेच्या उंचीवर जाळीची गोल टोपली, आणि तिच्या वर छत्रीसारख्या लोंबणाऱ्या साखळ्या. मला वाटलं पाखरांना दाणे टाकायची सोय असंल. मंडळीला वाटलं कचऱ्याची. तिनं केळाची साल त्यात टाकली आणि आम्ही बाकावर बसलो. एवढ्यात झाडांच्या आडून एक रंगीत थाळी सूं करत आली, साखळ्यांवर आदळली, खळ्ळकन आवाज झाला आणि थाळी सालीशेजारी टोपलीत पडली. मागून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आला. त्यानं थाळी काढली, साल काढली, आमच्याकडं बघून टोपी हलवली आणि साल खिशात घालून पुढं गेला. मंडळी लाजून लाल. दुसऱ्या दिवशी लेकीला बरोबर नेऊन आम्ही माफी मागितली, आणि तिथून माझी ह्या खेळाशी ओळख झाली. खेळाचं नाव डिस्क गोल्फ.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेला माणूस. थाळीफेक पोरांना मीच शिकवायचो. म्हातारा रेल्वेतून निवृत्त झालेला. त्यानं एक थाळी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला. मी आपली जोरात गिरकी घेऊन फेकली. ती उभी राहिली, वाऱ्यानं वर उचलली, आणि माझ्याच मागं दहा हातांवर येऊन पडली. म्हातारा हसला नाही, एवढा सभ्य माणूस. त्यानं माझं मनगट धरून दाखवलं. जोर नको, झटका पाहिजे. थाळी आडवी सपाट सोडायची. उजव्या हातानं उलट्या पंजाच्या बाजूनं सोडली की शेवटी ती डावीकडं वळते, ते धरूनच नेम घ्यायचा. वारा समोरून असला तर ती वर चढते, मागून असला तर खाली दाबली जाते. थाळ्याही तीन जातीच्या. लांब टाकायची पातळ धारेची, मधल्या पल्ल्याची, आणि टोपलीत घालायची जाड काठाची. वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. अठरा टोपल्या, एका सिमेंटच्या ओट्यावरून फेकायला सुरुवात, आणि सगळ्यात कमी फेकींत जो अठरा टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. गोल्फसारखंच सगळं, फक्त काठी नाही, हिरवळ नाही, आणि फी नाही.

हे 'फी नाही' फार महत्त्वाचं आहे, ते पुढं सांगतो.

खेळाचं मूळ शोधायचा मला पहिल्यापासून नाद. लेकीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून जमलं तेवढं वाचलं. फ्रिस्बी हे नाव आलं कनेटिकट राज्यातल्या फ्रिस्बी नावाच्या एका बेकरीवरून. तिच्या पायच्या पत्र्याच्या ताटल्या पोरं एकमेकांकडं फेकत. पुढं फ्रेड मॉरिसन नावाच्या माणसानं प्लॅस्टिकची थाळी काढली आणि 1957 साली व्हॅम-ओ ह्या खेळण्यांच्या कंपनीनं ती फ्रिस्बी म्हणून बाजारात आणली. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकनं थाळीचा आकार सुधारला. मग 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यानं कायमचं पहिलं मैदान आखलं. सुरुवातीला नुसते खांब होते. थाळी खांबाला लागली की नाही ह्यावरून भांडणं व्हायची, म्हणून त्यानं साखळ्यांची टोपली बनवली. पंचाचं निम्मं काम त्या साखळ्यांच्या आवाजानं केलं. 1976 साली त्यानं खेळाडूंची संघटना स्थापली. 2002 साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून थाळ्या बनवल्या गेल्या. हे मी मंडळीला सांगितलं तर ती म्हणाली, "आपलं संगमावर सोडलेलं बरं."

पण मला सगळ्यांत आवडली ती ह्याच्याही आधीची गोष्ट. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेतल्या रोनाल्ड गिब्सन आणि त्याच्या सवंगड्यांनी 1926 च्या सुमारास डब्यांची पत्र्याची झाकणं जमिनीवर आखलेल्या गोलात फेकायचा खेळ काढला होता. नाव दिलं होतं टिन लिड गोल्फ, म्हणजे झाकणांचा गोल्फ. हेड्रिकच्या पन्नासेक वर्षं आधी, गव्हाच्या मुलखातल्या खेड्यातल्या पोरांनी! ती पोरं शाळा सोडून पांगली आणि त्यांच्याबरोबर खेळही संपला. आम्हीसुद्धा तेलाच्या डब्याची झाकणं फेकायचो, बोटं कापून घ्यायचो आणि मास्तरांचा मार खायचो. आमच्या झाकणांचाही पुढं काही इतिहास झाला नाही.

मग एम्पोरियात तो का झाला? तिथं राहून जे उमगलं ते लिहितो.

आधी बागांमध्ये टोपल्या आल्या. अख्ख्या मैदानाचा खर्च गोल्फच्या मानानं अगदी किरकोळ. टोपल्या पुरायच्या, ओटे घालायचे. झाडं तोडायची नाहीत, उलट झाड हाच अडथळा. बाग सगळ्यांची, त्यामुळं खेळायला कुणाला विचारायचं नाही, पावती फाडायची नाही. तिथल्या विद्यापीठातला जेरेमी रस्को नावाचा पोरगा हा खेळ खेळायचा. त्यानं 2005 साली थाळ्या विकायचा बारकासा धंदा सुरू केला, डायनॅमिक डिस्क्स नावाचा. आम्ही गेलो तेव्हा गावच्या मुख्य पेठेत, कमर्शियल स्ट्रीटवर, त्याचं मोठं दुकान होतं आणि थाळ्यांवर गावाचं नाव जगभर जात होतं. 2010 साली एम्पोरियाचा एरिक मॅकेब विश्वविजेता झाला. गावातला पोरगा जगात पहिला आला म्हणल्यावर बारक्या पोरांचं काय होतं ते आमच्या माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. त्याच उन्हाळ्यात आमच्या मोहीच्या ललिता बाबरला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पळताना मी पहाटे उठल्यासारखा जागा राहून पाहिलं होतं.

पण एका विजेत्यानं खेळ वाढत नाही, तो आठवड्यानं वाढतो. म्हातारा मला एका संध्याकाळी साप्ताहिक खेळाला घेऊन गेला. दोन-चार डॉलर टाकायचे, चिठ्ठ्या काढून जोड्या लावायच्या. कॉलेजचा पोरगा आणि सत्तरीचा म्हातारा एका जोडीत, बँकेतली बाई आणि मेक्सिकोहून आलेला कामगार दुसऱ्या जोडीत. ज्याला येत नाही त्याला येणाऱ्याबरोबरच फिरावं लागतं. दोन तास चालत गप्पा. नवखा माणूस तीन आठवड्यांत गावाचा होतो. माझा जोडीदार माझ्यामुळं हरला, तरी पुढच्या आठवड्याला येशील का म्हणून विचारत होता. तीस वर्षं मी संघ निवडताना चांगली पोरं एकीकडं आणि कच्ची दुसरीकडं उभी केली. ती कच्ची पोरं पुढं मैदानाकडं फिरकली नाहीत, आणि मी म्हणत राहिलो की पोरांना आवडच नाही.

एप्रिलअखेरीला त्यांची मोठी स्पर्धा आली, ग्लास ब्लोन ओपन. नाव काचेवरून, तिथल्या विद्यापीठात काच फुंकून भांडी आणि मूर्ती करायला शिकवतात. हजाराच्या वर खेळाडू आले होते. त्यात पट्टीचे व्यावसायिक मूठभर, बाकी सगळे हौशी. इथं एक हिशेब आहे तो ध्यानात घ्या. ह्या खेळात हौशी माणसाला रोख बक्षीस देत नाहीत, वस्तू देतात. प्रवेश फी भरली की थाळ्या, सदरा, टोपी असलं काहीबाही हातात पडतं. म्हणजे फी देणारा रिकाम्या हातानं जात नाही, दुकानाचा माल खपतो, आणि शेकडो हौशांच्या येण्यानं स्पर्धा उभी राहते. आपल्याकडं स्पर्धा म्हणलं की पुढारी, मंडप, आठ संघ, पहिलं बक्षीस एकानं दिलं, दुसरं दुसऱ्यानं, आणि दोन वर्षांनी देणारा पडला की स्पर्धा बंद. तिथं खेळणारेच स्पर्धा पोसत होते. पेठेत रस्ता अडवून जत्रा भरली. एरवी संध्याकाळी सहाला सुनसान होणारी पेठ; हॉटेलात जागा नाही, दुकानांच्या काचांवर खेळाडूंचं स्वागत लिहिलेलं.

जूनच्या सुरुवातीला सायकलवाले आले. फ्लिंट हिल्सच्या खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत असते. 2006 साली 34 जणांनी सुरू केलेली, आता हजारो येतात. ज्या दगडांनी नांगर अडवला त्यांच्यावरूनच चाकं फुटत माणसं जात होती. आणि जूनच्या शेवटी डिस्क गोल्फची जागतिक स्पर्धाच एम्पोरियात भरली. पॉल मॅकबेथ ओळीनं चार वर्षं जिंकलेला. त्या वर्षी रिकी वायसॉकीनं त्याची मालिका मोडली. बायकांत व्हॅलरी जेन्किन्स जिंकली, तिचं ते चौथं विजेतेपद. कॅन्ससचा उन्हाळा म्हणजे आमचा एप्रिल-मे. टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही दोघं जोन्स पार्कला मागं मागं फिरलो. थाळी हवेत असेपर्यंत शेकडो माणसं गप्प, आणि मग साखळ्यांचा तो आवाज.

हे सगळं गोड वाटतं, पण गावाला त्याची गरज का पडली तेही सांगायला पाहिजे. एम्पोरिया हे रेल्वेचं, गुरांचं आणि कत्तलखान्याचं गाव. टायसन कंपनीनं 2008 च्या सुरुवातीला तिथं गुरं कापायचं काम बंद केलं, आणि दीड हजाराहून जास्त माणसांचा रोजगार एका फटक्यात गेला. 24-25 हजारांच्या गावात दीड हजार. आपल्याकडं साखर कारखाना बंद पडला की गावाची काय कळा होते ते आठवा. माणसं विचितासारख्या मोठ्या शहरांकडं गेली. अशा दिवसांत थाळ्या विकणारं एक दुकान वाढत होतं, हे गावाच्या नजरेत भरलं असणार.

म्हाताऱ्याला मी एकदा विचारलं, लेक दुभाषी. त्या नोकऱ्या ह्या खेळानं भरून निघाल्या का? त्यानं मान हलवली. नाही. कत्तलखान्यात शिक्षण नसलेल्या माणसाला घर चालवण्याएवढा पगार मिळायचा. दुकानात आणि हॉटेलात तेवढ्या जागाही नाहीत आणि तसा पगारही नाही. मग थोडं थांबून म्हणाला, पण माझा नातू कॉलेज झाल्यावर गावातच राहिला. त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तक्रारी होत्याच. सकाळी बागेत चालणाऱ्या एका बाई आमच्याकडं बघून नाक मुरडायच्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं थाळ्यांनी झाडांच्या साली सोलल्या आणि बाकावर शांत बसायची सोय राहिली नाही. साली मीही पाहिल्या. खेळात बायका कमी, हेही डोळ्यांत यायचं. सगळं गाव थाळ्या फेकत होतं असंही कुणी समजू नये. लेकीच्या शेजाऱ्यानं चौदा वर्षांत एकदाही टोपली वापरली नव्हती, पण पाहुण्यांना दाखवायला न्यायचा.

आता आमच्याकडचं. शाळेच्या मागं खो-खोचं मैदान होतं. दोन खांब, चुन्याच्या रेघा. मुरूम आम्ही पोरांकडून पसरून घेतला होता. तिथून मुली जिल्ह्याला गेल्या, दोघी-तिघी राज्याला गेल्या. मी निवृत्त झालो आणि चार वर्षांत मैदानाच्या रस्त्याकडच्या अंगाला गाळे उभे राहिले. उरलेल्या जागेत खांब राहतील एवढी लांबी उरली नाही. मी कुणाला बोल लावत नाही, गाळ्यांच्या भाड्यानं शाळेचं छप्पर झालं. पण त्या वेळी मैदानासाठी बोलायला गावातून कुणी आलं नाही, हे मला लागलं होतं. एम्पोरियात बाकावर बसून त्याचा विचार करताना ध्यानात आलं की येणार कोण? त्या मैदानावर गावातला मोठा माणूस कधी खेळलाच नव्हता. संघात नसलेलं पोर खेळलं नव्हतं. मैदान माझं आणि माझ्या बारा मुलींचं होतं. मीच तसं ठेवलं होतं.

ऑक्टोबरात आम्ही परत आलो. निघताना म्हाताऱ्यानं जाड काठाची एक निळी थाळी दिली. ती बरीच वर्षं कपाटावर धूळ खात पडली. 2022 मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा एम्पोरियात झाली तेव्हा नातवानं मोबाईलवर लावून दिली. बायकांत एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटर जिंकली. पुरुषांत मॅकबेथनं बरोबरी सुटेपर्यंत खेळून सहावं विजेतेपद घेतलं. पडद्यावर मी माळ ओळखला, वारा ओळखला. मंडळी म्हणाली, "ती थाळी कुठाय हो?"

गायरानात एक जुनी बाभूळ आहे. तिच्या फांदीला मी सायकलच्या जुन्या चेना लोंबत्या बांधल्या आणि खाली तारेनं कांद्याची जाळीची पाटी अडकवली. पुढं लिंबाला दुसरी, बांधावरच्या खांबाला तिसरी. पोरं आली, थाळी फेकायला लागली. पहिल्याच महिन्यात निळी थाळी विहिरीत गेली. ती काढायला एकजण उतरला म्हणून त्याच्या आईनं मला चार शब्द सुनावले, आणि ते बरोबरच होते. आता ह्या बाजूला खेळायचं नाही असा नियम आहे. लेकीनं सहा थाळ्या पाठवल्या. एका पालकानं विचारलं, "मास्तर, ह्याचं सर्टिफिकेट मिळतं का? दहावीला मार्क?" म्हणलं, "नाही." त्यानं पोराला घरी नेलं. दोन आठवड्यांनी पोरगं परत आलं, बापालाही घेऊन. आता चिठ्ठ्या काढून जोड्या लावतो. पहिल्यांदा बापाची जोडी तिसरीतल्या पोरीशी लागली, आणि त्याच्या तीन फेकी गेल्या ओढ्यात.

2025 च्या सुरुवातीला लेकीचा फोन आला. एम्पोरियातला उरलेला मांस कारखानाही बंद झाला, आठशेवर माणसं घरी बसली. मी विचारलं, म्हातारा कसा आहे? म्हणाली, आबा, ते आता फेकत नाहीत, खांदा दुखतो. पण साप्ताहिक खेळाला खुर्ची घेऊन येतात आणि चिठ्ठ्या तेच काढतात.

आमच्याकडं मागच्या रविवारी नऊजण होते. त्यांत तीन बायका, आणि त्यांतली एक आमची मंडळी. ती लिंबाच्या टोपलीपर्यंत तीन फेकींत जाते. मला चार लागतात.